मूल हवे आहे, कायदा काय म्हणतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली ती 1986 साली. आयव्हीएफसारख्या या उपचारांसाठी स्वतंत्र कायदा यायला मात्र 2021 उजाडले. हा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा 25 जानेवारी 2022 रोजी लागू झाला. तरीही नातेवाइकांच्या बैठकीत आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात त्याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

गैरसमज : आयव्हीएफ फक्त विवाहित जोडप्यांनाच करता येते.
वस्तुस्थिती : अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीही एकटीने हे उपचार घेऊ शकते. सरोगसीचा कायदा वेगळा आणि अधिक कडक आहे. तिथे एकट्या स्त्रियांपैकी फक्त 35 ते 45 वयाच्या विधवा व घटस्फोटितांना मुभा आहे. एकटा पुरुष, लिव्ह-इनमधील जोडपी आणि समलिंगी जोडपी यांना मात्र दोन्ही कायद्यांनी बाहेर ठेवले आहे. ही कायद्यातली उणीवच म्हणावी लागेल, कारण अपत्याबाबतचा निर्णय हा घटनेच्या कलम 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितले आहे.

गैरसमज : पैसे असले की कोणत्याही वयात उपचार मिळतात.
वस्तुस्थिती : स्त्रीचे वय 21 पेक्षा जास्त आणि 50 पेक्षा कमी हवे, पुरुषाचे 21 पेक्षा जास्त आणि 55 पेक्षा कमी.

गैरसमज : दात्याचे बीज वापरले, तर उद्या तो मुलावर हक्क सांगेल.
वस्तुस्थिती : असे मूल कायद्याने उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले जाते. दात्याचा पालक म्हणून कोणताही हक्क उरत नाही. मुलाला वारसाहक्कासह सगळे हक्क मिळतात.

गैरसमज : फॉर्मवर सही केली की माघार नाही.
वस्तुस्थिती : गर्भाशयात भ्रूण सोडण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते. भ्रूण गोठवून ठेवायचे असतील, तर दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास किंवा कोणी अक्षम झाल्यास त्यांचे काय करायचे, हेही लेखी विचारले जाते. नर्सने बोट ठेवलेल्या जागी मुकाट्याने सही करण्याआधी हा रकाना दोघांनी मिळून वाचावा.

गैरसमज : 'मुलगाच होईल' अशी सोय परदेशासारखी इथेही मिळते.
वस्तुस्थिती : लिंगनिवड हा गुन्हा आहे. तशी सोय देऊ करणाऱ्याला या कायद्याखाली 5 ते 10 वर्षे कैद होऊ शकते.

गैरसमज : कायदा झाला, म्हणजे खर्च विम्यातून निघेल.
वस्तुस्थिती : कायद्याने सक्ती केलेला विमा स्त्रीबीज देणाऱ्या दात्रीसाठी आहे आणि तो उपचार घेणाऱ्यांनीच काढायचा आहे. बहुतेक आरोग्य पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 2023 पासून हे उपचार मोफत मिळतात. अशी सोय अजून अपवादच आहे. कायद्याने दार उघडले, पण आत जायचे तर खिसा जड लागतो, हे आजचे वास्तव आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. यशाची शक्यता, धोके आणि एकूण खर्च आधी समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे. ते विचारायला संकोचू नका. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा.