शिसपेन्सिलीच्या पोटातले स्फटिक

शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात शिसपेन्सिल असते, आणि त्या शिसपेन्सिलीत शिसे मात्र औषधालाही नसते! हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेलच्या खोऱ्यात हा काळा, चकचकीत पदार्थ सापडला तेव्हा लोकांनी त्याला शिशाचीच एक जात समजून ‘काळे शिसे’ म्हटले. अमेरिकेत टायकोंडेरोगा गावाजवळच्या ज्या टेकडीतून तो निघे, तिचेही नाव ‘लेड हिल’, म्हणजे शिशाची टेकडी. १७७९ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तो कोळशाच्या कुळातला असल्याचे दाखवले, आणि १७८९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे ‘ग्राफाइट’ असे बारसे केले. पण तोवर शिसे जगाच्या जिभेवर पक्के बसले होते.

नावाचा हा अन्याय एक वेळ सोसता येईल. रूपाचा अन्याय मोठा आहे. १७९५ साली फ्रान्समध्ये काँते याने ग्राफाइटची पूड मातीत मळून, भाजून पेन्सिलीच्या कांड्या केल्या. तेव्हापासून आपण हा पदार्थ पाहतो तो पूड होऊनच. स्फटिक म्हटले की आपल्याला हिरा आठवतो, फार तर खडीसाखर. परंतु ग्राफाइट हा हिऱ्याचा सख्खा भाऊ. दोघेही शुद्ध कार्बन. आणि याचेही स्फटिक पाहत राहावे असे असतात.

पाहायचे तर ते आधी खडकातून सोडवले पाहिजेत, आणि तेही अलगद. कारण हा स्फटिक इतका मऊ की नखाचाही ओरखडा उठतो. मग अभ्यासक युक्ती करतात. ग्राफाइटचे कण असलेला संगमरवर सौम्य आम्लात ठेवतात. फसफसून दगड विरघळतो, ग्राफाइटला आम्ल काही करीत नाही, आणि तळाशी उरतात चिमुकल्या षट्कोनी चकत्या. रंग काळा पोलादी, तकाकी धातूची, स्पर्श तुपकट.

चकतीच का? ठिपक्यांच्या रांगोळीत आपण षट्कोनाला षट्कोन जोडत जातो, तसे ग्राफाइटच्या एका थरात कार्बनचे अणू बसलेले असतात. थरातली पकड विलक्षण घट्ट. पण एका थराची वरच्या थराशी ओळख जेमतेम. पापडांच्या चळतीसारखे ते एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणून तर कागदावर रेघ उमटते! एका मिलिमीटरच्या जाडीत असे सुमारे तीस लाख थर असतात. थर आडवा झपाट्याने पसरतो, जाडी मात्र सावकाश वाढते, म्हणून चकती.

चकतीचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आणखी नवल दिसते. कुठे तीन दिशांनी रेषा येऊन त्रिकोणांची नक्षी झालेली असते. या रेषा म्हणजे पुष्कळदा खडकावर पडलेल्या दाबाने स्फटिक मुरडल्याच्या खुणा. कुठे चक्री जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. थर रचताना एके ठिकाणी चूक झाली, की वाढणारी कड त्या चुकीभोवतीच फिरत राहते आणि जिना चढत जातो. १९४९ साली इंग्लंडमधील फ्रँक यांनी स्फटिकांच्या वाढीची ही उपपत्ती मांडली. पुढे १९५१ साली लंडनमध्ये काम करणारे आपले अजित राम वर्मा यांनी कार्बोरंडमच्या स्फटिकांवरील अशा चक्रांची छायाचित्रे घेतली. निसर्गात एखादी चूकही वाढीला हातभार लावते, ती अशी.

सगळेच ग्राफाइट चकतीचा धर्म पाळत नाही. श्रीलंकेत बोगला आणि कहटगहा येथील खाणींत ते खडकाच्या भेगांत जमले आहे. तिथे त्याचे लांबट तंतू भेगेच्या भिंतीशी काटकोन करून उभे असतात. न्यू जर्सीतील स्टर्लिंग हिलच्या जस्ताच्या खाणीत चक्क गोळ्या सापडल्या. रशियाच्या कोला द्वीपकल्पात तर सूक्ष्म शंकू आढळले. वाण्याने पुडा वळावा तसे थर वळत गेलेले! उष्णता, दाब, भोवतालची द्रव्ये जशी, तसा घाट.

ही नुसती नवलाई नव्हे. बिडाचा तवा हातून निसटून फरशीवर पडला, तर त्याचे दोन तुकडे व्हायला वेळ लागत नाही. बिडातही ग्राफाइट असते, पातळ पापुद्र्यांच्या रूपात. त्यांच्या धारदार कडांपासून तडा सुरू होतो आणि एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर धावत जातो. वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले, की त्याच ग्राफाइटच्या कोबीच्या गड्ड्यासारख्या गोळ्या बनतात, आणि ठिसूळ बीड वाकले तरी चटकन तुटत नाही. या शोधाचे पेटंट १९४९ साली मिळाले. आज पाण्याचे मोठे नळ आणि मोटारींच्या एंजिनांतले कितीतरी भाग या बिडाचे असतात. लिथियमच्या बॅटरीतही नैसर्गिक ग्राफाइट वापरायचे, तर त्याच्या चकत्या आधी यंत्रात वळून गोलसर कराव्या लागतात. त्याशिवाय त्या नीट दाटीने बसत नाहीत.

पदार्थ तोच, अणू तेच. फरक केवळ घाटाचा. पण त्या फरकावर तव्याचे फुटणे आणि नळाचे टिकणे अवलंबून असते. हिऱ्याचे तेज आपल्याला शिकवावे लागत नाही. त्याच्या या काळ्या भावाचे गुण ओळखायला मात्र भिंग हातात घ्यावे लागते, आणि थोडा धीरही धरावा लागतो.