धावपट्टीवरचे मैदान

प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलिया आणि हवाई बेटे यांच्या दरम्यान तुवालू नावाचा एक चिमुकला देश आहे. नऊ प्रवाळी बेटे मिळून या देशाचे क्षेत्रफळ अवघे 26 चौरस किलोमीटर भरते. लोकसंख्या दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. 'तुवालू' या नावाचा अर्थ 'एकत्र उभे असलेले आठ' असा आहे. कारण पूर्वी नऊपैकी आठच बेटांवर कायमची वस्ती होती. 1978 साली हा देश ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला आणि 2000 साली संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. असे असूनही जागतिक फुटबॉलच्या नकाशावर मात्र या स्वतंत्र देशाला अद्याप स्थान मिळालेले नाही.

तुवालूची राजधानी फुनाफुटी. तेथील जमिनीची पट्टी इतकी अरुंद आहे, की बऱ्याच ठिकाणी एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला खारे सरोवर, अशी दोन्ही पाणी एकाच वेळी दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, अमेरिकी सैन्याने येथे एक धावपट्टी बांधली. आज ती विमानतळाची धावपट्टी आहे; पण आठवड्यातून मोजकीच विमाने येत असल्यामुळे एरवी ती मोकळीच असते. उन्हे कलली, की मुले आणि तरुण तेथे जमतात व फुटबॉलचा डाव रंगतो. विमान येण्याची वेळ झाली, की भोंगा वाजतो. सारे बाजूला होतात आणि विमान उतरून गेले, की खेळ पुन्हा सुरू होतो. मोकळ्या सपाट जागेची एवढी टंचाई असलेल्या या देशात धावपट्टी हेच लोकांचे मैदान झाले आहे.

खेळाची आवड या लोकांना नवी नाही. केवड्याच्या जातीच्या झाडांची पाने विणून केलेल्या चेंडूने खेळावयाचा 'ते आनो' हा त्यांचा पारंपरिक खेळ आहे. आधुनिक खेळांपैकी फुटबॉल त्यांनी विशेष आपलासा केला. फुनाफुटीत खेळणाऱ्या संघांपैकी अनेक संघ एकेका बेटाचे आहेत. पोटापाण्यासाठी राजधानीत आलेला माणूस मैदानावर मात्र आपल्या मूळ बेटाच्या नावाने उतरतो.

तुवालूचा राष्ट्रीय संघ 1979 साली फिजीत झालेल्या दक्षिण प्रशांत क्रीडास्पर्धेत प्रथम खेळला. ताहितीने त्याचा 18-0 असा दारुण पराभव केला. तथापि त्याच स्पर्धेत या नवख्या संघाने टोंगाला 5-3 असे हरविले. पुढे 2007 साली सामोआत झालेल्या स्पर्धेतील सामने विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे सामने म्हणूनही धरले गेले. जागतिक संघटनेचा सदस्य नसलेल्या देशाने अशा सामन्यांत उतरावे, हा विरळा प्रसंग होता. फिजीविरुद्ध तुवालूने 16-0 अशी हार पत्करली. पण दुसऱ्या सामन्यात न्यू कॅलेडोनियाला केवळ एका गोलवर रोखून धरले. त्यानंतर गाठ पडली ती ताहितीशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडून अठरा गोल स्वीकारले होते, त्याच प्रतिस्पर्ध्याशी तुवालूने 1-1 अशी बरोबरी साधली. 2011 सालच्या स्पर्धेत तर फॉप्पे डी हान या अनुभवी डच प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली तुवालूने अमेरिकन सामोआला 4-0 असे नमविले. अमेरिकन सामोआ हा अमेरिकेच्या अखत्यारीतील प्रदेश आहे, स्वतंत्र राष्ट्र नव्हे. तरीही त्याला जागतिक संघटनेचे सदस्यत्व आहे. जिंकणाऱ्या स्वतंत्र देशाला मात्र ते नाही.

असे का व्हावे? जागतिक फुटबॉलचा कारभार 1904 साली स्थापन झालेली 'फिफा' ही संघटना पाहते. तिचे 211 सदस्य आहेत. 'फिफा'त प्रवेश मिळण्यासाठी आधी आपल्या खंडाच्या महासंघाचे पूर्ण सदस्य असावे लागते. तुवालूला ओशियानिया महासंघाने 2006 साली सहयोगी सदस्य करून घेतले. परंतु पुढची पायरी चढणे या देशाला साधलेले नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी योग्य मैदान हवे, सरावाच्या सोयी हव्यात, पाहुण्या संघांसाठी पुरेशी निवासव्यवस्था हवी. प्रवाळी जमिनीवर चांगले हिरवळीचे मैदान राखणे कठीण, आणि फिजीहून येथे पोहोचायचे तर हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडावा लागतो.

यातून एक दुष्टचक्र निर्माण झाले आहे. 'फिफा' आपल्या सदस्यांना विकासासाठी निधी देते. 2023 ते 2026 या चार वर्षांसाठी ही मर्यादा प्रत्येक सदस्यामागे 80 लाख डॉलरपर्यंत ठरविण्यात आली. ज्याच्याकडे मैदान नाही त्याला सदस्यत्व नाही. आणि ज्याला सदस्यत्व नाही त्याला मैदान बांधण्यासाठी हा निधी नाही.

मान्यतेच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या संघांसाठी 'कोनिफा' ही वेगळी संघटना 2013 साली स्थापन झाली. तिच्या 2018 सालच्या लंडनमधील विश्वचषक स्पर्धेत तुवालूचा संघ खेळला. भारतात आश्रयाला आलेल्या निर्वासितांशी ज्याचे घट्ट नाते आहे, तो तिबेटचा संघही त्याच स्पर्धेत होता. अशा स्पर्धेत विजय मिळतोच असे नाही. पण छातीवर आपल्या देशाचे नाव मिरवीत जगासमोर उभे राहता येते.

तुवालूच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. या देशातील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पाच मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे. हवामानबदलामुळे समुद्राची पातळी वाढत आहे. 2023 साली फुनाफुटीत भराव घालून सुमारे सात हेक्टर नवी जमीन तयार करण्यात आली. त्याच वर्षी, समुद्राने भूमी गिळली तरी देशाचे अस्तित्व कायम राहील, अशी तरतूद राज्यघटनेत केली गेली. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 2024 मध्ये अमलात आला असून, त्यानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना तेथे कायम वास्तव्यासाठी जाता येते.

ज्या देशाच्या जमिनीलाच समुद्राचा धोका आहे, त्याच्याकडे सदस्यत्वासाठी मैदान मागितले जात आहे, हा या कथेतील खरा पेच आहे. नियमांना त्यांचे कारण असते. पाहुण्या संघांना सुरक्षित मैदान मिळालेच पाहिजे. परंतु देश म्हणजे केवळ जमीन नव्हे. एकत्र उभे राहण्याची इच्छाही देश घडविते आणि ती इच्छा तुवालूच्या नावातच आहे. म्हणूनच भोंगा वाजून थांबलेला खेळ, विमान निघून गेल्यावर, त्या धावपट्टीवर पुन्हा सुरू होतो.