पट्टा बदलला, टेन्शनरचे काय?

नाशिकहून निघालेली मोटार दिंडोरी आणि वणी मागे टाकून नांदुरीला पोहोचेपर्यंत तिला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणाऱ्या सुमारे दहा किलोमीटरच्या घाटात असते. माणसांनी भरलेली गाडी, खालचा गिअर, चालू असलेले एसी आणि समोर वळणामागून वळण. अशा वेळी इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा काळा रबरी पट्टा तुटला, तर काही क्षणांत बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते आणि तपमानाचा काटा वर सरकू लागतो. एकाच पट्ट्यावर इतकी कामे सोपवलेली असतात, याची जाणीव बहुतेक मोटारमालकांना तेव्हाच प्रथम होते.

बोलीभाषेत या पट्ट्याला अजूनही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. बहुतेक मोटारींतील पंखा आता विजेच्या स्वतंत्र मोटारीवर फिरतो. नाव मात्र चिकटून राहिले. पूर्वी अल्टरनेटरला एक, पाण्याच्या पंपाला दुसरा, असे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे वेगवेगळे पट्टे असत. असा रबरी पट्टा अमेरिकेतील डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये तयार केला. पुढे १९७९ च्या फोर्ड मस्टँग मोटारीत एकच लांब, पातळ आणि रुंद पट्टा सर्व पुलींवरून नागासारखा वळवून नेण्यात आला. हाच सर्पेंटाइन बेल्ट, म्हणजे नागमोडी पट्टा. त्याच्या आतल्या बाजूस लांबीच्या दिशेने खाचा असतात आणि पाठ सपाट असते. दोन्ही बाजूंनी तो पुली फिरवू शकतो. जागा वाचली, देखभाल कमी झाली. परंतु एक पट्टा तुटला तरी बाकीचे चालू राहण्याची जुनी सोयही त्याबरोबर गेली.

हा पट्टा ताणलेला ठेवणे हे टेन्शनरचे काम. पिठाच्या गिरणीचा किंवा विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ढिल्या पट्ट्याचे घसरणे सांगावे लागत नाही. गिरणीत अशा वेळी पट्ट्याला राळ चोळतात. मोटारीच्या पट्ट्यावर राळ, मेण, साबण किंवा बाजारात मिळणारे फवारे मारणे मात्र चुकीचेच. चिकट थरावर दिंडोरी परिसरातील शेतरस्त्यांची धूळ बसते आणि खाचा लवकर झिजतात. येथे ताण देण्यासाठी एक हात, त्याच्या टोकाला गुळगुळीत पुली आणि मुळाशी जोरकस स्प्रिंग असते. स्प्रिंगच्या जोडीला घर्षणाने धक्के शोषणारी रचनाही असते. इंजिनाचा प्रत्येक स्फोट पट्ट्याला हलका हिसका देतो. डिझेल इंजिनात तो अधिक जाणवतो. हे हिसके पचवता पचवता टेन्शनर थकतो. तो तुटत नाही, आवाजही सुरुवातीला करत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पट्टा नवा आणि टेन्शनर एक लाख किलोमीटर धावलेला, अशी जोडी जमली की काही महिन्यांत तोच किंचाळणारा आवाज परत येतो आणि दोष बिचाऱ्या पट्ट्याला दिला जातो.

पट्टा पारखण्याची जुनी रीतही आता पुरेशी राहिलेली नाही. पूर्वीचे निओप्रीन रबराचे पट्टे म्हातारे झाले की त्यांवर आडव्या भेगा पडत. भेगा मोजून निर्णय घेता येई. गेल्या दोन-अडीच दशकांत रूढ झालेल्या ईपीडीएम रबराला सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरसारखे हळूहळू झिजते. खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो आणि वरवर धडधाकट दिसत असूनही घसरू लागतो. त्यामुळे ‘एकही भेग नाही’ हे समाधान फसवे ठरू शकते. अनेक मोटारींत ८० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान पट्टा बदलण्याची वेळ येते. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावा.

काम घरी करण्याजोगे आहे का, हे बॉनेट उघडल्यावर कळते. इंजिन लांबीत बसवलेल्या मोठ्या गाड्यांत बहुधा हात सहज पोहोचतो. आडव्या इंजिनाच्या लहान मोटारींत मात्र पट्टा चाकाच्या बाजूच्या अरुंद फटीत असतो; गाडी उचलून चाक आणि आतले प्लॅस्टिकचे आवरण काढावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत. इंजिनाचा माउंट सोडल्याशिवाय पट्टा निघत नसेल, तर ते काम गॅरेजचेच समजावे. काही लहान मोटारींत स्वयंचलित टेन्शनर नसतोच. अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो. काहींत स्वतःच ताणला जाणारा पट्टा असतो, तो बसवण्यास खास हत्यार लागते. आणि झाकणाच्या आत दडलेला टायमिंग बेल्ट हे सर्वस्वी वेगळे प्रकरण आहे. त्याला घरी हात लावू नये.

सुटे भाग आणताना जुन्या पट्ट्याच्या पाठीवरील क्रमांक उपयोगी पडतो. समजा त्यावर ‘६पीके१८२०’ असे छापले आहे. यातील सहा म्हणजे खाचांमधील उंचवट्यांची संख्या, ‘पीके’ हा मोटारींसाठी ठरलेला आकार आणि १८२० ही मिलिमीटरमधील लांबी. वीस मिलिमीटरचा फरकही टेन्शनरचा हात चुकीच्या जागी नेऊन ठेवतो. असे पट्टे महाराष्ट्रातही बनतात. नागपूरची पिक्स ट्रान्समिशन्स ही त्यांपैकी एक कंपनी.

पट्टा काढण्यापूर्वी इंजिन मिनिटभर चालू ठेवून टेन्शनरकडे दुरूनच पाहावे. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस यांना बॉनेटजवळ थारा नको. टेन्शनरचा हात किंचित थरथरत असेल तर ठीक. तो मागेपुढे चांगलाच हलत असेल तर धक्के शोषण्याची शक्ती संपली आहे. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, किल्ली खिशात ठेवावी आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. अल्टरनेटरच्या जाड तारेला पान्याचा स्पर्श झाला तर ठिणगी उडते, म्हणून ही तार सोडणे ऐच्छिक नव्हे. यानंतर पट्ट्याच्या मार्गाचे छायाचित्र घ्यावे किंवा कागदावर आकृती काढावी. पट्टा निघाल्यावर तो मार्ग ओळखीचा वाटत नाही.

टेन्शनरवर पान्यासाठी षट्कोनी उंचवटा किंवा चौकोनी भोक असते. लांब दांड्याने हात सैल होण्याच्या दिशेने वळवावा, सहज हाताला येणाऱ्या गुळगुळीत पुलीवरून पट्टा सरकवावा आणि टेन्शनर सावकाश परत आणावा. तो एकदम सोडल्यास स्प्रिंगचा फटका बोटांना बसू शकतो. आता कामाचा सर्वांत मोलाचा, आणि घाईत टाळला जाणारा, भाग येतो. प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर, डुगडुग किंवा अडखळणे म्हणजे बेअरिंग जाण्याच्या वाटेवर आहे. टेन्शनरचा हात पूर्ण फेरीत सलग हलला पाहिजे. मध्येच अडकणे, पुली तिरपी दिसणे, मुळाशी गंजाची तांबूस भुकटी साचणे या तिन्ही खुणा बदलीच्याच. अनेक डिझेल मोटारींत अल्टरनेटरची पुली एका दिशेने मोकळी फिरते. ती जाम झाली असेल तर नवा पट्टा आणि नवा टेन्शनर दोन्ही लवकर खराब होतात. तेलाचा ओघळ दिसल्यास आधी गळती थांबवावी.

टेन्शनर एक-दोन बोल्टवर बसलेला असतो. नवा बसवताना पाठीमागील छोटी खुंटी इंजिनावरील भोकात नीट शिरली पाहिजे. ती बाहेर राहिली तर पुली तिरपी बसते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत, कारण ॲल्युमिनियममधील आटे जास्त जोराने सहज मरतात. पट्टा आकृतीप्रमाणे ओवताना खाचांची बाजू खाचांच्या पुलीवर आणि पाठ गुळगुळीत पुलीवर, एवढे पाहावे. शेवटची पुली गुळगुळीत ठेवावी. सर्व खाचा जागेवर बसल्या आहेत का, हे बोट फिरवून प्रत्येक पुलीवर तपासावे; एक खाच जरी काठाबाहेर राहिली तरी पट्टा काही मिनिटांत फाटू शकतो. नव्या टेन्शनरला अडकवणीची पिन असल्यास ती पट्टा बसल्यावरच काढावी. मग बॅटरी जोडून इंजिन काही सेकंद चालवावे, बंद करून पुन्हा पाहावे.

तरीही आवाज आला तर पाण्याची साधी परीक्षा असते. चालू इंजिनापासून अंतर राखून खाचांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच होणारी किंचाळी बहुधा पहिल्या प्रकारची असते.

रस्त्यातच पट्टा गेला तर? दोरी बांधून पुढचे गाव गाठल्याच्या जुन्या कथा नागमोडी पट्ट्याला लागू पडत नाहीत. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर तपमान वाढण्यापूर्वी गाडी थांबवणे हाच उपाय. काटा लाल पट्टीत नेऊन गाठलेले गाव पुढे इंजिनाचे हेड उतरवायला लावते. उतारावर धोका आणखी वेगळा असतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला साह्य करणारा निर्वात पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. पट्टा तुटल्यावर साठलेला निर्वात एक-दोनदाच कामी येतो, नंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. म्हणून घाटात लाल दिवा लागताच ब्रेक वारंवार न दाबता, गिअर खाली आणून, एकाच ठाम दाबात गाडी कडेला घ्यावी आणि हँडब्रेक ओढावा.

उतरवलेला पट्टा फाटलेला किंवा तेलकट नसेल तर तो, आकृतीचा कागद आणि टेन्शनरला लागणारा पाना यांची पुरचुंडी डिकीत ठेवता येते. बदलाची तारीख आणि किलोमीटरचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूस लिहावा. त्या नोंदीत टेन्शनर बदलला की जुनाच ठेवला, हेही असावे. पुढच्या वेळी मेकॅनिक पहिला प्रश्न तोच विचारील.