सिग्नल आला, कॉल परतला

सी भाषेतला एखादा प्रोग्राम कीबोर्डवरून काही येईल म्हणून वाट पाहत असतो. त्याने 'रीड' हा सिस्टीम कॉल केलेला असतो आणि कर्नलने त्याला झोपवून ठेवलेले असते. तेवढ्यात टायमरचा सिग्नल येतो, सिग्नल हँडलर चालतो आणि 'रीड' रिकाम्या हाताने परततो. उत्तर उणे एक. 'एररनो'मध्ये लिनक्सवर 4, म्हणजे 'ईआयएनटीआर'. डिस्क ठीक, फाइल ठीक, एक अक्षरही हरवलेले नाही. तरी उणे एक दिसताच गाशा गुंडाळणारे प्रोग्राम आजही लिहिले जातात, याचे वाईट वाटते.

कर्नलनेच कॉल पुन्हा का सुरू करू नये? एमआयटीच्या आयटीएस यंत्रणेने ती जबाबदारी घेतली होती, पण त्यापायी कोड फार गुंतागुंतीचा झाला. युनिक्सने कर्नल साधा ठेवला आणि ओझे प्रोग्रामरच्या डोक्यावर दिले. रिचर्ड गॅब्रिएल यांच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हेच उदाहरण आहे. त्या लेखाआधीच, 1983 च्या बीएसडी 4.2 या युनिक्समध्ये कॉल आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले, तर अलार्म लावून अडकलेला 'रीड' सोडवणाऱ्यांची पंचाईत झाली! आता 'सिगॅक्शन'मध्ये 'एसए_रीस्टार्ट' हा फ्लॅग देऊन ज्याने त्याने ठरवायचे. लिनक्सवर 'पोल' आणि 'सिलेक्ट' मात्र त्यालाही जुमानत नाहीत.

म्हणून 'ईआयएनटीआर' आला की कॉल पुन्हा करणारा लूप लिहितात. 'एररनो' मात्र लगेच वाचावा; मध्ये एखादा 'प्रिंटएफ' आला तरी त्यातला आकडा बदलू शकतो.

हाच लूप 'क्लोज'भोवती लावला की घात होतो. लिनक्स फाइलचा क्रमांक सुरुवातीलाच मोकळा करून टाकतो, 'ईआयएनटीआर' त्यानंतर येतो. समजा तो क्रमांक 7 होता. त्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने नवी फाइल उघडली, तर तिलाही 7 मिळू शकतो. आपला दुसरा 'क्लोज' मग तिचीच फाइल बंद करतो आणि तिकडचे लेखन भलत्याच ठिकाणी फसते. एचपी-यूएक्सवर उलट: तिथे फाइल उघडीच राहते, पुन्हा बंद करावी लागते.

2015 मध्ये आलेल्या पायथन 3.5 ने व्यत्यय आलेले कॉल स्वतःच पुन्हा करायला सुरुवात केली. 'क्लोज' त्यातून जाणीवपूर्वक वगळला आहे.