लोखंडी बूट आणि दुखरा गुडघा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात शिकागोचं गार्डिनर जनरल हॉस्पिटल जखमी सैनिकांनी भरून गेलं होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले त्यांत पुष्कळ होते. टाके सुकत, हाडं जुळत, पण मांडी काही भरून येत नसे. अगदी हलकं वजन असंख्य वेळा उचलायचं, अशी तेव्हाची उपचाराची रीत होती. टॉमस डेलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरला ती पटेना. पोरवयात ऱ्हुमॅटिक तापानं अंथरुणाला खिळल्यावर त्यानं वजनं उचलूनच स्वतःचं शरीर पुन्हा कमावलं होतं. त्यानं रुग्णांच्या पावलांना लोखंडी बूट बांधले, बुटांना चकत्या अडकवल्या आणि बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावला. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढंच वजन घ्यायचं आणि ताकद वाढेल तसं तेही वाढवायचं, असा त्याचा नियम होता. १९४५मध्ये त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जिममध्ये ‘दहा-दहाचे तीन सेट’ म्हणतात, त्याचं मूळ या कामात आहे. पैलवानाच्या अंगासाठी असावा असं वाटणारा हा नियम खरं तर जायबंदी गुडघ्यांच्या शेजारी बसून घडला.

गुडघा दुखू लागला की मांडी बारीक होते, हे आपण घरोघरी पाहतो आणि ‘चालणं कमी झालं ना’ म्हणून सोडून देतो. कारण तेवढंच नाही. १९८४मध्ये काही संशोधकांनी निरोगी गुडघ्यात थोडं खारं पाणी सोडून पाहिलं. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणी आत जाताच मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचा प्रतिसाद मंदावला. सांधा फुगल्याची खबर मज्जारज्जूकडे जाते आणि तिथून स्नायूला आवर घातला जातो. माणसाच्या इच्छेचा त्यात काही संबंध नसतो. ‘पायात जीवच नाही’ असं म्हणणाऱ्या आजीला आळशी ठरवण्याआधी घरच्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिचा स्नायू दाबून ठेवलेला असतो. त्याला जागं करणं हा व्यायामाचा पहिला हेतू.

सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. भार पडला की तिच्यातलं पाणी बाहेर दाबलं जातं, भार सुटला की ते परत शोषलं जातं, आणि या ये-जा करण्यातून तिला सांध्यातल्या द्रवाचं पोषण मिळतं. या द्रवालाच आपण वंगण म्हणतो. गुडघा ‘झिजेल’ म्हणून जो तो हलवतच नाही, तो कूर्चेची शिदोरीच अडवतो.

पण भार किती? याचं उत्तर बर्लिनमधून आलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाच रुग्णांना असे कृत्रिम गुडघे बसवले, की आतला दाब बिनतारी पद्धतीनं बाहेर कळावा. २०१०मध्ये आकडे छापले गेले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर येणारा कमाल भार सरासरीनं शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. म्हणजे ६० किलोचा माणूस जिना उतरतो तेव्हा एका गुडघ्यावर क्षणभर २०० किलोंहून अधिक भार येतो. मला सर्वांत अचंबित केलं ते खुर्चीवरून उठण्याच्या आकड्यानं. तो २४६, म्हणजे चालण्याहूनही कमी! खुर्चीवरून उठबस करायला भिणारा माणूस बाजारात जाऊन येतो, तेव्हा त्याहून मोठा भार हजारदा पेलून आलेला असतो. हे माप मांडीचं आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथलं आहे, हे मात्र विसरू नये. गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वेगळा असतो आणि गुडघा जसा खोल वाकतो तसा तो चढत जातो. म्हणूनच तालमीतली पूर्ण बैठक दुखऱ्या गुडघ्याला लगेच झेपत नाही, पण उंच खुर्चीवरची उठबस झेपते.

सुरुवात याहूनही सोपी असू शकते. पाय लांब करून बसावं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती पाच सेकंद खाली दाबावी. गुडघा जवळपास हलत नाही, पण मांडी घट्ट होते. मग खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून हात न टेकता उठावं आणि सावकाश बसावं. जमू लागलं की एक उशी काढावी. घोट्याला वजनाची पट्टी बांधायची ती त्यानंतर. नितंब आणि पोटऱ्यांनाही काम द्यावं, कारण गुडघ्याला दोन्हीकडून तेच सावरतात.

दुखलं तर? थोडं दुखणं म्हणजे इजा नव्हे. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचापर्यंतची वेदना चालते, पण २४ तासांत ती मूळ पातळीवर यायला हवी, असं एक मोजमाप फिजिओथेरपिस्ट वापरतात. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर मात्रा जास्त झाली; वजन किंवा आवर्तनं कमी करावीत, व्यायाम सोडू नये. गुडघा गरम, लाल, टच्च फुगलेला असेल, सोबत ताप असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा उभ्या-उभ्या दगा देत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. आमवातात सांधे भडकलेले असताना वजनं बाजूला ठेवावीत.

जड वजनानं जास्त आराम पडतो का, हेही तपासलं गेलं आहे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ३७७ जण होते. १८ महिन्यांनी जड वजन उचलणाऱ्यांच्या गुडघेदुखीत ना हलकं वजन उचलणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला, ना तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या गटाच्या तुलनेत. त्याआधी १९९७च्या ४३९ जणांच्या चाचणीत साठीपुढच्या लोकांना ताकदीच्या व्यायामानं वेदनेत आणि हालचालीत माफक फायदा झाला होता. तेव्हा वजनानं गुडघा ठणठणीत होईल असं कुणी सांगू नये, आणि जड वजनाचा हट्टही धरू नये. ताकद मात्र कोणत्याही वयात वाढते. १९९०मध्ये बॉस्टनमधल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचे व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली.

ती ताकद येईपर्यंत सर्वांत मोठा भार जिन्याचाच असतो. चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा, म्हणजे दोन्ही वेळा शरीर पेलण्याचं काम चांगल्या पायाकडे राहतं. आणि एक हात कठड्यावर.