जुनाट सायनस आणि भिंतीवरची ओल

पावसाची झड लागली की घरातील भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास सुटतो आणि कपाटामागे काळी-हिरवी बुरशी चढते. याच दिवसांत ‘डॉक्टर, सर्दी हटतच नाही’ ही तक्रारही वाढते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या कपाळाच्या, गालांच्या आणि नाकालगतच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांतील स्राव बारीक छिद्रांवाटे नाकात उतरतो. अस्तराला सूज येऊन ही छिद्रे बुजली की स्राव आत साचतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत बरी होते. परंतु नाक चोंदणे, घट्ट पिवळा शेंबूड, चेहरा जड होणे, वास न येणे यांपैकी दोन-तीन लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक टिकली, तर विकार जुनाट समजावा.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासाबरोबर सर्वांच्याच नाकात जातात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्या नाकाचे अस्तर मात्र सुजते आणि ओल्या घरात ही सूज उतरायला उसंतच मिळत नाही. काहींच्या सायनसमध्ये बुरशी साचून राहते, नाकात मांस वाढते. अशा वेळी शस्त्रक्रियाही लागू शकते.

हा आजार नाकापुरता राहत नाही. रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, झोपमोड होते, दिवसभर थकवा जाणवतो, कामात लक्ष लागत नाही. वास गेल्याने जेवण बेचव लागते आणि गॅस गळत असला तरी कळत नाही. नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके असल्याने दमा असणाऱ्यांचा दमाही बळावतो. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत श्वसनाचे विकार व दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नमूद केले आहे.

दर वेळी मेडिकलच्या दुकानातून अँटिबायोटिक गोळ्या आणून खाणे हा यावर इलाज नव्हे. या गोळ्यांनी बुरशी मरत नाही आणि ॲलर्जीही जात नाही. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेला फवारा मात्र नियमित घ्यावा. पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. पाणी उकळलेलेच हवे.

औषधाबरोबर घराकडेही पाहावे. बुरशीवर नुसता रंगाचा हात मारू नये. गळके छप्पर, फुटका नळ, भिंतीची भेग आधी दुरुस्त करावी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. भिजलेल्या सतरंज्या-गाद्या एक-दोन दिवसांत वाळवाव्यात. बुरशी धरलेली गादी टाकून द्यावी. बुरशी कोरडी झाडू नये. नाकातोंडाला फडके बांधून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ती पुसावी व भिंत कोरडी करावी. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये.

मधुमेह्यांनी विशेष जपावे. २०२१ साली कोरोनाच्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे व प्राण घेतले. त्यांत रक्तातील साखर आटोक्यात नसलेले व स्टेरॉइड घेतलेले रुग्ण पुष्कळ होते. ती बुरशी वेगळी आणि तो आजार क्वचित होणारा. पण चेहरा एका बाजूने दुखणे वा बधिर होणे, डोळा सुजणे, दोन-दोन दिसणे, नाकातून काळपट स्राव येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सर्दी वारंवार उलटत असेल, तर पुढच्या खेपेस डॉक्टरांना घरातील ओलीविषयीही अवश्य सांगा.