सूरजागडचा डोंगर आणि शाळेतले तीन तास

कॅथलिक शाळेत सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात तीन तास असे येतात की ज्यांचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे: इतिहास, भूगोल आणि धर्मशिक्षण किंवा मूल्यशिक्षण. राज्य मंडळाच्या शाळांत पहिले दोन विषय बालभारतीच्या पुस्तकांवरून शिकवले जातात. तिसऱ्याचा आराखडा शाळा आपल्या परंपरेप्रमाणे ठरवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडची डोंगररांग आहे. तिथे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे, पोटात लोहखनिज आहे आणि आसपासच्या मुलखात इंग्रजांविरुद्धचा १८५८ चा लढा घडून गेला आहे. तिन्ही तासांना पुरेल इतके या एका रांगेत भरलेले आहे.

या भागातल्या कॅथलिक शाळांचे मूळ केरळमध्ये सापडते. १८३१ मध्ये मान्नानम येथे कार्मेलाइट धर्मगुरूंचा एक भारतीय संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा यांनी प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा दंडक घातला. २०१४ मध्ये रोममध्ये त्यांना संतपद दिले गेले. याच संघाकडे १९६२ मध्ये चांदा (आताचे चंद्रपूर) हे नवे धर्मक्षेत्र सोपवण्यात आले. सिरो-मलबार चर्चचे केरळबाहेरचे हे पहिले मिशन क्षेत्र होते. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि बिशपांचे पीठ बल्लारशाहला आहे. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांच्या पाट्यांवर ‘कारमेल’ हे नाव दिसते ते याच परंपरेमुळे.

भारतातल्या बहुतेक कॅथलिक शाळांप्रमाणे या शाळांच्या वर्गांतही ख्रिस्ती मुले थोडी असतात. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने दिला आहे. त्याच वेळी कलम २८ म्हणते की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. त्यामुळे तिसऱ्या तासाला वर्ग साधारणपणे दोन गटांत विभागतो. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. पुष्कळ ठिकाणी धर्मशिक्षण शाळेत न घेता रविवारी मिस्सेनंतर चर्चमध्येच घेतात.

धर्मशिक्षणात या वयाला जुन्या करारातल्या कथा, येशूचे दाखले, दहा आज्ञा आणि सात संस्कार येतात. मराठीत ही परंपरा जुनी आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात साष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती कुटुंबांना पुराण ऐकायची सवय होती. ती सवय ओळखून त्यांनी धर्मकथा त्यांच्याच छंदात सांगितली. शिक्षक म्हणून त्यांची ही जाण आजही शिकण्यासारखी आहे.

मूल्यशिक्षणाचा तास त्याहून अवघड आहे, कारण त्याला ठरीव पुस्तक असतेच असे नाही. प्रामाणिकपणा, स्वच्छता, थोरांचा मान अशा सुभाषितांवर तो सहज उरकता येतो, आणि बऱ्याचदा तसाच उरकला जातो. कॅथलिक चर्चची स्वतःची भूमिका मात्र याहून कितीतरी मोठी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र काढले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे त्यात स्पष्टपणे मांडले आहे. २०२४ मध्ये भारतीय बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीती लादू नयेत, सकाळच्या परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी आणि शक्य असेल तिथे सर्वधर्म प्रार्थनाकक्ष असावा, असे त्यांत सांगितले होते.

सूरजागडच्या मुलखात सर्वधर्म म्हणताना माडिया गोंडांचा धर्म सुटून चालणार नाही. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. पारंपरिक इलाक्यातल्या सत्तर गावांची माणसे तिथे येतात, छत्तीसगडच्या बाजूनेही येतात. पूजा गावचे पुजारी करतात. भव्य देऊळ नाही, छापील ग्रंथ नाही. डोंगर हेच देवाचे ठिकाण मानले जाते. यात्रेच्या निमित्ताने जल, जंगल, जमिनीच्या प्रश्नांवर इलाक्याची सभाही होते. सहावीच्या इतिहासात ‘प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह’ हा पाठ आहे. त्यात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी या धर्मांची ओळख आहे. यांतल्या ख्रिस्ती धर्माची परंपरा सांगते की संत थॉमस इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले. चांद्याला आलेले धर्मगुरू आपले नाते त्यांच्याशी सांगतात. या पाठाला जोडून शिक्षकाने ठाकूरदेवाच्या यात्रेला एक तास दिला, तर माडिया मुलाला आपल्या घरचा देवही अभ्यासाचा विषय आहे हे पहिल्यांदा कळते. हा तास द्यायलाच हवा.

इतिहासाची वाटणी सरळ आहे. सहावीला प्राचीन भारत, सातवीला शिवकाल आणि मराठी सत्ता, आठवीला आधुनिक भारत. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ च्या सुमारास मुलूख पूर्णपणे त्यांच्या ताब्यात आला. आठवीत १८५७ शिकवताना मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे घोकली जातात. इथल्या मुलांना त्यांच्या जोडीला मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके माहीत असायला हवेत.

शेडमाके यांचा जन्म १८३३ चा. त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्या तरुणांची फौज उभारली. मार्च १८५८ मध्ये राजगड घेतला आणि नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजांच्या सैन्याशी लढाई दिली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन याने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांकरवी शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय पंचवीस.

सहावी आणि सातवी या दोन्ही इयत्तांत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ येतो: भौतिक, लिखित, मौखिक. तो समजावायला शेडमाक्यांच्या लढ्याहून चांगले उदाहरण नाही. तारखा आणि नावे इंग्रजी दप्तरातून येतात. फाशीचा दोर तुटला, शेडमाक्यांच्या अंगाला शस्त्र लागत नसे, हे लोककथा सांगते. दप्तर लिहिणाऱ्यांनी त्यांना बंडखोर ठरवले, लोकांनी वीर. मुलांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात आणि कोणती गोष्ट कोणत्या साधनातून कळते ते सांगावे.

भूगोलात सहावीचा खडकांचा पाठ बहुतेक महाराष्ट्राला सोपा जातो, कारण पायाखाली बेसाल्ट असतो. एटापल्लीत तसे नाही. दख्खनच्या लाव्ह्याचे थर इथवर पोचत नाहीत; इथला खडक त्याहून फार जुना आहे. सूरजागडचा दगड हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड लागतो. त्यावर पोलादी-काळे आणि तांबडे पट्टे एकाआड एक दिसतात. फरशीच्या खडबडीत, चकाकी नसलेल्या मागच्या बाजूवर काळा पट्टा घासला की रेघ मात्र विटकरी तांबडी उमटते. हेमॅटाइट ओळखायची ही खूण वर्गातल्या वर्गात करून दाखवता येते. असे पट्टेदार लोहखडक जगभर सापडतात. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी समुद्रात विरघळलेल्या लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन ते तळाशी साचत गेले, असे भूशास्त्र सांगते. डोंगराच्या माथ्यावर हा समुद्राचा तळ आहे हे कळल्यावर पाठातले वर्गीकरण पाठ करावे लागत नाही.

सातवीच्या समोच्च रेषा, आठवीचे भूमी उपयोजन, उद्योग आणि नकाशाप्रमाण हे पाठ इथून पुढे सरकतात. सूरजागडला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. मोठ्या प्रमाणावर उत्खनन २०२१ नंतर सुरू झाले आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प आला. एकाच जमिनीवर देवस्थान, तेंदू-मोहाचे जंगल आणि खाण असे तीन हक्क सांगितले जातात. खाणीमुळे रोजगार मिळतो. धूळ, अवजड वाहने आणि जंगलतोडही येते. कोणाचे बरोबर, हे ठरवणे तेरा वर्षांच्या मुलाचे काम नाही, पण कोण काय म्हणते हे नकाशावर मांडणे नक्कीच आहे. त्याच्याशी ताडून पाहायला धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) आहे. तिथल्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतः बांबू विकू लागले.

सहावी आणि आठवीच्या भूगोलात क्षेत्रभेटही आहे. खाणक्षेत्रात मुलांना नेणे सुरक्षिततेच्या कारणाने सहसा शक्य नसते. शाळांना इतर जागा जवळ आहेत: सिरोंचा तालुक्यातले वडधमचे जीवाश्म उद्यान, भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम, बल्लारपूरचा गोंड किल्ला. निघण्याआधी प्रश्नावली मुलांनीच तयार करायची असते. तिच्यात दगड कोणता, ही जागा कोणाच्या ताब्यात होती आणि इथे कोणाची पूजा होते, हे तिन्ही प्रश्न एकाच कागदावर आले तर शिक्षकांना तीन वेगळे अहवाल तपासावे लागत नाहीत. इतिहास, भूगोल आणि मूल्यशिक्षण यांचे गुण त्याच एका वहीवरून देता येतात.